मदत बातमीच्या मागे जाते

जगात कुठे भूकंप झाला, पूर आला किंवा युद्ध पेटले, तर तिथे मदत किती आणि किती लवकर पोहोचणार हे गरजेवरून ठरते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. थॉमस आयसेन्सी आणि डेव्हिड स्ट्रॉम्बर्ग या अर्थतज्ज्ञांनी १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे पाच हजार नैसर्गिक आपत्ती घेतल्या. अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्यांच्या बातम्या किती आल्या आणि अमेरिकी सरकारने मदत दिली की नाही, याची त्यांनी सांगड घालून पाहिली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑलिम्पिक स्पर्धा सुरू असताना किंवा दुसरी एखादी बातमी गाजत असताना कोसळलेल्या आपत्तीला बातम्यांत जागा कमी मिळते आणि म्हणून मदत मिळण्याची शक्यताही घटते, असे त्यांना आढळले. ज्वालामुखीच्या उद्रेकात एक माणूस दगावला तर बातमी होण्याची जेवढी शक्यता असते, तेवढी शक्यता निर्माण व्हायला अन्नटंचाईत सुमारे ३९ हजार माणसे मरावी लागतात, असाही त्यांचा हिशेब आहे. ज्वालामुखी डोळ्यांना दिसतो. भूक महिनोन्‌महिने चालते, आणि तिच्यात अमुक दिवशी अमुक घडले असे सांगण्यासारखे फारसे काही नसते. त्यामुळे सर्वांत जास्त माणसे मारणारे संकट बातम्यांत सर्वांत मागे पडते आणि मदतीतही मागेच राहते.

हे सगळे दूरचित्रवाणीच्या काळातले. त्या वेळी काय दाखवायचे हे मोजके संपादक ठरवत. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आणि कोणती बातमी शंभर घरांत जाणार हे काही अंशी आपल्या बोटावर आहे. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की मदतकार्याची बातमी शोधणे, ती नीट वाचणे आणि जबाबदारीने पुढे पाठवणे हा मदतकार्याचाच एक भाग मानला पाहिजे. पैसे देणाऱ्याने जेवढी काळजी घ्यावी, तेवढीच बातमी पुढे पाठवणाऱ्यानेही घ्यावी. कारण चुकीच्या ठिकाणी गेलेली मदत आणि चुकीच्या वेळी पसरलेली बातमी या दोन्हींची किंमत आपत्तीत सापडलेला माणूसच मोजतो.

बातमीमुळे माणसे वाचतात, याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९४३ साली बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसे भूक आणि तिच्यामागून आलेल्या रोगराईने मेली. युद्धकाळाची सबब पुढे करून सरकारने बातम्यांवर निर्बंध घातले होते आणि दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करायचे टाळले होते. कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा दिल्ली आणि लंडनला हे संकट नाकारणे अवघड झाले. तीस वर्षांनी महाराष्ट्रात १९७२-७३चा दुष्काळ पडला. सलग तीन वर्षे पावसाने दगा दिला होता आणि धान्याचे उत्पादन कोसळले होते. पण या वेळी वर्तमानपत्रे गावोगावच्या बातम्या छापत होती, विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते, तहसील कचेऱ्यांवर मोर्चे निघत होते. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडून, पाझर तलाव आणि बांध खोदून, मिलो ही आयात ज्वारी आणि सुकडी हा मदतीतला खाऊ यांवर दिवस काढून माणसे जगली. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. मोकळी वर्तमानपत्रे आणि उत्तरदायी सरकार असेल तिथे दुष्काळाचे रूपांतर भूकबळींच्या महासंकटात सहसा होत नाही, हा अमर्त्य सेन यांचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. ज्याँ द्रेझ आणि सेन यांनी महाराष्ट्राचा हा दुष्काळ त्यासाठी उदाहरण म्हणून अभ्यासला आहे.

मात्र बातमी नुसती अस्तित्वात असून भागत नाही. ती ज्यांनी ऐकायला हवी त्यांच्यापर्यंत वेळेत जावी लागते. सोमालियात ऑगस्ट २०१० पासून दुष्काळाचे इशारे दिले जात होते. ‘फ्यूजनेट’ नावाची यंत्रणा इथिओपियाच्या दुष्काळानंतर १९८५ साली नेमक्या याच कामासाठी उभी राहिली होती. पाऊस, बाजारभाव आणि जनावरांची स्थिती पाहून तिचे तज्ज्ञ लेखी सांगत होते, की परिस्थिती बिघडत चालली आहे. पण ते अहवाल होते. त्यांची बातमी झाली नव्हती. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियाच्या दोन भागांत दुष्काळ जाहीर केला, छायाचित्रे जगभर गेली आणि मग मदतीचा ओघ सुरू झाला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात तिथे सुमारे २ लाख ५८ हजार माणसे मेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती, असा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला. २०१७ मध्ये त्याच देशावर पुन्हा तशीच वेळ आली. या वेळी इशारे आल्याबरोबर पैसा उभा राहिला, लोकांच्या हाती रोख रक्कम आणि पाणी पोहोचले आणि दुष्काळ टळला. इशाऱ्याच्या टप्प्यावर ऐकले तर काय होते आणि छायाचित्रांची वाट पाहिली तर काय होते, हे एकाच देशाने सहा वर्षांत दाखवले.

मग हे इशारे सामान्य वाचकाला सापडतात कुठे? यातली बहुतेक माहिती फुकट आणि सर्वांसाठी खुली आहे. रवांडातल्या १९९४ च्या नरसंहारानंतर मदत करणाऱ्या संस्थांना एकमेकींची माहिती मिळत नव्हती, हे प्रकर्षाने जाणवले. त्याच सुमारास, १९९६ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी ‘रिलीफवेब’ हे संकेतस्थळ सुरू केले. हजारो संस्थांचे अहवाल, नकाशे आणि आवाहने तिथे देशानुसार व आपत्तीनुसार लावलेली असतात. एखादा देश निवडून ठेवला तर नवे अहवाल ई-मेलने येतात. अन्नसंकटासाठी ‘आयपीसी’ ही पाच टप्प्यांची मोजपट्टी आहे. तिच्या पाचव्या टप्प्याला, म्हणजे दुष्काळाला, निकष ठरलेले आहेत. किमान वीस टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची टंचाई, किमान तीस टक्के लहान मुले तीव्र कुपोषित आणि दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. संयुक्त राष्ट्रांच्याच आर्थिक नोंदवहीत, म्हणजे ‘एफटीएस’मध्ये, कोणत्या संकटासाठी किती पैसे मागितले आणि किती आले हे पाहता येते. स्वतंत्र पत्रकारितेत ‘द न्यू ह्युमॅनिटेरियन’ आहे. १९९५ साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली निघालेली ही वृत्तसेवा २०१५ पासून स्वतंत्र आहे आणि मदत संस्थांच्या चुकाही छापते. आपल्याकडे पाऊस-वादळासाठी हवामान विभागाची पत्रके आणि ‘सचेत’ ही इशारा यंत्रणा आहे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे.

अहवाल मिळाला तरी तो वाचायचा कसा हे समजायला हवे. मदतीच्या अहवालात साधारण तीन आकडे शेजारी शेजारी असतात. मदतीची गरज असलेले किती, त्यांतल्या कितींपर्यंत जायचे ठरले आहे आणि प्रत्यक्षात पोहोचले कितींपर्यंत. बातमीत यातला एकच आकडा येतो आणि वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. दुसऱ्या आकड्यावर पैशांचे सावट असते. २०२५ सालासाठी संयुक्त राष्ट्रांनी आधी १९ कोटी लोकांपर्यंत जाण्याकरता ४७ अब्ज डॉलर मागितले होते. देणगीदार देशांनी हात आखडता घेतल्यावर जूनमध्ये ते उद्दिष्ट ११ कोटी ४० लाख लोक आणि २९ अब्ज डॉलर असे खाली आणावे लागले. उरलेल्या लोकांची गरज संपली नव्हती, ते फक्त यादीतून बाहेर गेले. ‘पोहोचलो’ या तिसऱ्या आकड्यात महिनाभर रेशन मिळालेले कुटुंब आणि एकदाच साबणाची वडी मिळालेले कुटुंब दोन्ही बसू शकतात. पैशांचेही तसेच. परिषदेत दिलेला शब्द, त्यावर झालेला करार आणि खात्यात जमा झालेली रक्कम या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि ठळक मथळा बहुधा पहिलीचाच होतो. हा फरक ओळखणारा वाचक साधी बातमीही दुप्पट समजून घेतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हे अहवाल लिहितात कोण? ज्यांना पैसे हवे आहेत त्याच संस्था. मग त्या संकट फुगवून आणि आपले काम वाढवून सांगणार नाहीत कशावरून? हा धोका खरा आहे, आणि उलटा धोकाही तितकाच खरा आहे. यजमान सरकारने व्हिसा नाकारू नये म्हणून संस्था कधी कधी कडू सत्य मवाळ भाषेत लिहितात. पण यातून निघणारा धडा अहवाल टाकून देण्याचा नाही. एकाच स्रोतावर विसंबू नये, एवढाच तो आहे. संस्थेचा अहवाल, स्थानिक पत्रकाराची बातमी आणि तिथल्या स्वयंसेवकांचे म्हणणे अशा तीन बाजूंनी पाहिले तर फुगवलेलेही दिसते आणि दडवलेलेही. उदाहरणार्थ, सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी युद्ध सुरू झाल्यानंतर बहुतेक परदेशी कर्मचारी देश सोडून गेले. वस्त्यांमधल्या तरुणांनी आपत्कालीन प्रतिसाद कक्ष उभारले, सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठे काय संपले आहे ते कळवत राहिले. अनेक ठिकाणची पहिली खबर त्यांचीच होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या दार्फूर भागात, अल-फाशर शहराजवळच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केले. बाहेरच्या मोजपट्टीने आणि आतल्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा तिच्या पैशांवर चालणाऱ्या ‘फ्यूजनेट’चे संकेतस्थळही काही महिने बंद पडले. मदत आटते तेव्हा तिच्याबरोबर माहितीही आटते. अशा वेळी स्थानिक स्रोत ओळखून ठेवलेले असणे अधिकच मोलाचे ठरते.

आता पुढे पाठवण्याकडे वळू. इथे आपला अनुभव ताजा आहे. एप्रिल-मे २०२१ मधल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन सिलिंडर, खाटा, इंजेक्शने आणि प्लाझ्मा यांसाठी सारा देश समाजमाध्यमांवर शोध घेत होता. त्या संदेशांनी अनेक जीव वाचवले, यात शंका नाही. पण संपलेल्या साठ्याचे क्रमांक दिवसेंदिवस फिरत राहिले, खासगी माणसांचे फोन अहोरात्र खणखणत राहिले आणि आगाऊ पैसे घेऊन गायब होणाऱ्या भामट्यांचे फावले. अगतिक नातेवाइकांसाठी ते दुष्काळात तेरावा महिना होते. त्याच आठवड्यांत काही स्वयंसेवकांनी प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करून ‘तपासले, सकाळी दहा वाजता’ अशी नोंद टाकायला आणि गरज भागली की संदेश काढून टाकायला सुरुवात केली. शिस्त एवढीच होती, पण तिच्यामुळे माहिती वापरण्याजोगी झाली. आपत्तीतली माहिती नासते, म्हणून तिच्यावर तारीख आणि वेळ हवी.

गरज संपल्याची बातमी गरजेच्या बातमीइतकीच महत्त्वाची असते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हिंदी महासागराच्या काठावर सव्वादोन लाखांच्या आसपास माणसांचा बळी घेतला, आणि जगाने कधी नव्हे इतकी देणगी दिली. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने जाहीर केले, की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसे पैसे मिळाले आहेत, आता दुसऱ्या संकटांसाठी द्या. असे सांगायला धैर्य लागते. ही बातमी मूळ आवाहनाइतकी पसरली असती तर विस्मरणात गेलेल्या किती तरी संकटांना वाटा मिळाला असता. त्याच काळात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. ते कपडे पाठवणाऱ्यांचे मन चांगलेच होते. ‘मदत पाठवा’ एवढेच त्यांच्यापर्यंत आले होते. काय हवे, कुठे हवे आणि काय नको हे आले नव्हते.

यावर दुसरा आक्षेप असा, की जीव जात असताना खातरजमा करत बसायला वेळ कुणाला आहे? ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानात ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसांनी स्वतः आपला पत्ता ट्विटरवर टाकला. तिथे बचावकार्य सुरू असतानाच ट्विटरवर निर्बंध आले, तेव्हा लोकांचा संताप साहजिक होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२१ रोजी बजावले होते, की ऑक्सिजन किंवा खाटेसाठी इंटरनेटवर आर्त हाक देणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नये. संकटातल्या माणसाच्या हाकेला तपासणीची अट लावता येणार नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण हाक देणारा वेगळा आणि ती ऐकून दहा गटांत टाकणारा वेगळा. पहिल्याला सगळी मोकळीक हवी. दुसऱ्याकडे एक फोन करण्याइतके, मूळ संदेशाची तारीख पाहण्याइतके दोन क्षण असतातच. त्याच भूकंपात एका अग्निशमन जवानाने लहान मुलाला कवटाळल्याचे संगणकाने तयार केलेले चित्र दाखवून भामट्यांनी देणग्या मागितल्या. चित्रातल्या जवानाच्या हाताला सहा बोटे होती. जो थांबून पाहत होता त्याला ती दिसली.

खरी माहितीसुद्धा प्रत्येक वेळी पुढे पाठवण्याजोगी असतेच असे नाही. रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेचे दहावे कलम सांगते, की आपत्तिग्रस्तांना प्रसिद्धीत स्वाभिमानी माणसे म्हणून दाखवावे, केविलवाण्या वस्तू म्हणून नव्हे. उघड्यावर पडलेला मृतदेह, उपाशी मुलाचा चेहरा, अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख आपण आपल्या घरच्यांबाबत जगासमोर मांडली नसती. मग परक्यांबाबत तो हक्क आपल्याला कुणी दिला? युद्धभूमीत तर हा जिवाचा प्रश्न होतो. सुदानमध्ये स्वयंसेवकांना अटक झाली, काही मारले गेले. तिथल्या स्वयंपाकघराचा नेमका पत्ता किंवा मदतीच्या ट्रकांचा मार्ग कौतुकाने जाहीर करणारा माणूस नकळत बंदूकधाऱ्यांना वाट दाखवतो. काम सांगावे, जिल्हा सांगावा. चेहरा आणि पत्ता सांगू नये.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. सुदानची बातमी सांगलीत किंवा सोलापुरात वाचून काय होणार? एप्रिल-मे २०२३ मध्ये ‘ऑपरेशन कावेरी’तून सुमारे ३,८०० भारतीय सुदानमधून परतले. तेवढे दिवस सुदान आपल्या पहिल्या पानावर होता. पुढे तिथे एक कोटीहून अधिक माणसे बेघर झाली, ती कथा आपल्याकडे फारशी आलीच नाही. आपल्या एका संदेशाने दार्फूरमध्ये धान्य पोहोचणार नाही, हे खरे आहे. पण भारत हा मदत देणारा देश आहे, आणि सरकार कुठे मदत देते, कोणत्या प्रश्नावर बोलते हे शेवटी नागरिक काय विचारतात त्यावरही ठरते. हे अहवाल बहुतांशी इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, अरबीत असतात. मराठीत ते आणणारे दोघे-तिघे निघाले तरी विचारणाऱ्यांची संख्या वाढते. शिवाय ही सवय घरीही उपयोगी पडते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, तशी वेळ पुन्हा येते तेव्हा दुसऱ्याच साली टिपलेली चित्रे, धरण फुटल्याच्या अफवा आणि ओळखपाळख नसलेली बँक खाती यांतून खरे निवडायचे कौशल्य आयत्या वेळी येत नाही. रस्त्यालगतच्या गावात मदतीचे टेम्पो एकामागून एक उभे आणि आतल्या वाडीत पंचनाम्यालाही कुणी आलेले नाही, हे चित्र सुदानच्या चित्रापेक्षा आकाराने लहान आहे, पण जातीने तेच आहे. तिथेही मदत बातमीच्या मागेच गेलेली असते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. मदतीचा संदेश आला की चार गोष्टी पाहा. तो कोणत्या तारखेचा आहे, कुठला आहे, मूळ कुणी लिहिला आहे आणि नेमके काय मागतो आहे. पैसे मागितले असतील तर संस्थेचे नाव नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवर शोधा आणि खाते संस्थेच्या नावावर आहे ना, हे तपासा. यातले काही कळत नसेल तर संदेश आपल्यापाशीच थांबवा. गरज भागल्याचे समजले तर तेही तितक्याच तत्परतेने कळवा. आणि महिन्यातून एकदा, ज्या देशाचे नाव कुठल्याच मथळ्यात नाही अशा एखाद्या देशाचा ताजा अहवाल उघडा, त्यातल्या दोन ओळी मराठीत लिहा आणि आपल्या माणसांना पाठवा.